जुन्या बुटापासून ब्रेक पॅडपर्यंत: हर्बर्ट फ्रूड या माणसाची गोष्ट



आजचा लेख ब्रेक पॅडवर आहे. पण मी थेट 'टॉप ५ ब्रेक पॅड' अशी यादी देणार नाहीये. आधी एका माणसाची गोष्ट सांगतो, मग पॅड कसे निवडायचे ते सांगतो. गोष्ट नीट वाचली तर यादीची गरजच पडणार नाही, दुकानात उभं राहून तुम्ही स्वतःच ठरवू शकाल.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. मी नोकरीला पुण्यात, गाव पिंपळनेर. गेल्या दिवाळीत माउंटन बाइक ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून घरी नेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताहाराबादच्या रस्त्याने शेलबारी घाट चढलो आणि मग खाली यायला लागलो. मागून कांद्याच्या गाड्या, समोर वळणं. मी सतत मागचा ब्रेक दाबून धरला होता. अर्ध्या उतारावर जळका वास यायला लागला. लिव्हर पूर्ण दाबली तरी सायकल थांबेना, नुसती सरकत राहिली. शेवटी पुढचा ब्रेक जपून वापरत आणि पाय घासत कशीबशी रस्त्याच्या कडेला थांबवली. डिस्कवर बाटलीतलं पाणी टाकलं तर तव्यावर टाकल्यासारखं चर्र झालं.

ते पॅड मी दोन महिन्यांपूर्वी एका दुकानातून स्वस्तात घेतले होते. पाकिटावर कंपनीचं नाव नव्हतं, आत काय मटेरियल आहे ते नव्हतं, काहीच नव्हतं. मीही विचारलं नाही. इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला माणूस मी, फोन घेताना प्रोसेसर कोणत्या नॅनोमीटरचा आहे ते बघतो. पण ज्या दोन नखाएवढ्या तुकड्यांवर जीव टांगलेला असतो ते कशाचे बनलेत हे बघितलं नाही.

घरी आल्यावर आजोबांनी पॅड हातात घेऊन उलटसुलट बघितले आणि हसले. त्यांच्या लहानपणी बैलगाडी उतारावरून न्यायची तर चाकाला लाकूड दाबून धरावं लागायचं. भरलेली गाडी असेल तर लाकडातून धूर निघायचा. म्हणजे जे माझं झालं तेच त्यांचं व्हायचं, फक्त त्यांच्या पॅडचं मटेरियल काय आहे ते त्यांना माहीत होतं!

त्या रात्री मी शोधायला बसलो की लाकडाच्या ठोकळ्यापासून आजच्या पॅडपर्यंत आपण पोहोचलो कसे. त्या शोधात जो माणूस सापडला त्याचं नाव हर्बर्ट फ्रूड.

नाव ऐकलं नसेल, पण वाचलं नक्की असेल

तुमच्या घरी कार किंवा बाइक असेल तर 'फेरोडो' हे नाव कुठल्यातरी स्पेअर पार्टच्या डब्यावर दिसलं असेल. हे नाव कुठून आलं? फ्रूड हे आडनाव इंग्रजीत लिहिताना एफ, आर, ओ, ओ, डी अशी अक्षरं येतात. त्यात एक 'ई' टाका आणि अक्षरांची अदलाबदल करा, 'फेरोडो' तयार. ती 'ई' त्याच्या बायकोच्या, एलिझाबेथच्या नावातली असं सांगितलं जातं. आज आपण युजरनेम उपलब्ध नसलं की अक्षरं मागेपुढे करतो, तसाच हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा प्रकार.

हर्बर्ट फ्रूडचा जन्म १८६४ चा, इंग्लंडमधला. त्याचं काम सुरू झालं ते डर्बीशायर परगण्यात, आज पीक डिस्ट्रिक्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोंगराळ भागात. बक्स्टन हे तिथलं मोठं गाव, आजूबाजूला चुनखडीच्या खाणी. म्हणजे रस्ते चढउताराचे आणि गाड्यांमध्ये माल जड. आपल्याकडे घाटातून कांदा आणि ऊस जातो, तिथे दगड जायचा. गंमत म्हणजे आज हाच भाग इंग्लंडमधल्या माउंटन बाइकवाल्यांचा आवडता आहे.

उतारावरचा जुना बूट

त्या काळच्या घोडागाडीचा ब्रेक अगदी साधा होता. चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडाचा ठोकळा दाबायचा, झालं. अडचण अशी की लाकूड लोखंडावर घसरतं. पावसात तर जास्तच. आणि लांब उतारावर घर्षणाने तापून लाकडाचा कोळसा होतो. कोळसा झालेला थर आणखी गुळगुळीत, म्हणजे ब्रेक आणखी कमी. नेमकं जेव्हा ब्रेक जास्त हवा, तेव्हाच तो कमी मिळायचा.

गाडीवान लोकांनी यावर आपला जुगाड शोधला होता. फाटका जुना बूट घ्यायचा आणि ब्रेकच्या ठोकळ्यावर बांधायचा. चामड्याचा तळवा लाकडापेक्षा चांगला धरतो. बूट झिजला की दुसरा बूट. फ्रूडने त्या डोंगराळ रस्त्यांवर हे बघितलं. शेकडो लोकांनी ते रोज बघितलं असणार. फरक एवढाच की फ्रूडने त्याकडे प्रॉडक्ट म्हणून बघितलं.

हा विचार त्या काळात इतरत्रही चालू होता. १८८८ मध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. इतक्या लांबचा मोटारप्रवास त्याआधी कुणी केला नव्हता. वाटेत उतारावर गाडीचे लाकडी ब्रेक झिजले. तिने एका गावात चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे इथेही उपाय चपलांच्या दुकानातूनच आला.

सायकलचीही तीच कथा. १८८८ मध्येच डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी आपल्याकडे बेळगावात सायकलच्या धंद्यातून किर्लोस्करांची सुरुवात झाली. त्या काळच्या बऱ्याच सायकलींना चमच्यासारखा ब्रेक असायचा, तो थेट टायरवर दाबला जायचा. भरीव रबराच्या टायरला ते चालून गेलं. हवेचा टायर आल्यावर चमच्याने टायरच झिजायला लागला, म्हणून पुढे ब्रेक रिमवर गेला आणि बऱ्याच वर्षांनी डिस्कवर. चाकं बदलली की ब्रेक बदलावा लागतो, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

१८९७: कोम्ब्ज गावातलं टेस्टिंग

फ्रूडने १८९७ मध्ये काम सुरू केलं. जागा होती चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावाशेजारचं कोम्ब्ज नावाचं छोटं खेडं. त्याने बुटाच्या जागी सुती पट्टा घेतला आणि तो डांबरासारख्या बिटुमेनच्या द्रावणात मुरवला. सूत एकटं घेतलं तर लगेच झिजतं आणि पाणी पितं. बिटुमेन एकटं घेतलं तर वितळतं. दोन्ही एकत्र केले की धागा ताकद देतो आणि बिटुमेन धाग्यांना धरून ठेवतं.

हे वाक्य परत एकदा वाचा, कारण आजचा प्रत्येक ब्रेक पॅड याच तत्त्वावर चालतो. एक घटक ताकद देणारा, दुसरा सगळ्यांना चिकटवून ठेवणारा, आणि बाकीचे घर्षण, झीज, आवाज सांभाळणारे. आपण याला आज कंपोझिट मटेरियल म्हणतो. पॅड खरेदी करताना 'कम्पाउंड' हा शब्द दिसतो तो हाच.

पण मला फ्रूडची सगळ्यात आवडलेली गोष्ट मटेरियल नाही, टेस्टिंग आहे. कोम्ब्जमध्ये त्याने वाहत्या पाण्यावर चालणारं चाक वापरून ब्रेक तपासायचं यंत्र उभं केलं. गाडीवानाकडे देऊन त्याचं मत विचारायचं, एवढ्यावर तो थांबला नाही. गाडीवान, घोडा, उतार, पाऊस रोज वेगळा. त्यामुळे आजचा ठोकळा कालच्यापेक्षा चांगला की वाईट हे कळत नाही. यंत्रावर मात्र तेच चाक, तोच दाब. बदलतं फक्त मटेरियल. सॉफ्टवेअरवाले याला कंट्रोल्ड टेस्ट म्हणतील. आपण कोड बदलल्यावर तीच टेस्ट पुन्हा चालवतो ना, तसंच.

ब्रेकच्या मटेरियलकडून आपल्याला नेमकं काय हवं असतं? पाच गोष्टी:

१. घर्षण पुरेसं हवं.
२. तापल्यावरही ते घर्षण तेवढंच राहायला हवं.
३. ओलं झालं तरी पकड सुटू नये.
४. स्वतः लवकर झिजू नये.
५. समोरच्या चाकाला किंवा डिस्कला झिजवू नये.

या पाचही गोष्टी एकाच मटेरियलमध्ये पैकीच्या पैकी मिळत नाहीत. एक वाढवली की दुसरी कमी होते. फोनमध्ये बॅटरी, वजन आणि किंमत यांचं जसं असतं तसं. फ्रूडचं पुढचं सगळं आयुष्य या पाच गोष्टींच्या ओढाताणीतच गेलं, आणि त्यातल्या दुसऱ्या गोष्टीने कथेला वेगळं वळण दिलं.

उष्णता: ब्रेकचा खरा शत्रू

इथे थोडं गणित करू. ब्रेक वेग कमी करत नाही, तो वेगाची उष्णता करतो. समजा मी आणि माझी सायकल मिळून ९० किलो आणि आम्ही २०० मीटर उंची उतरलो. ९० गुणिले ९.८ गुणिले २००, म्हणजे सुमारे १,७६,००० ज्यूल. एवढ्या ऊर्जेत अर्धा लिटर साधं पाणी उकळतं. यातला काही भाग वारा खातो, पण हळू उतरलो तर बराचसा भाग ब्रेकवर येतो. घरच्या चार-पाच कप चहाचं आधण त्या छोट्या डिस्कवर ठेवल्यासारखं आहे! मी तर एकच ब्रेक दाबून धरला होता, म्हणजे दोन शेगड्यांचं काम एकीवर.

आता सायकलऐवजी मोटार धरा. वजन दहा-वीस पट, वेग दुप्पट-तिप्पट. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी वाढल्या आणि फ्रूडचं सुती मटेरियल अपुरं पडायला लागलं. सूत साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास जळायला लागतं. घोडागाडीला ते चाललं, मोटारीला चालेना.

दुसरीकडे डिस्क ब्रेकचा जन्म झाला होता. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९०२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याने धातूच्या डिस्कवर तांब्याचे पॅड लावले होते. तांबं तापायला घाबरत नाही, पण धातूवर धातू घासला की कानठळ्या बसवणारी किंचाळी निघते. म्हणजे सूत जळतं, तांबं किंचाळतं. मग लावायचं काय?

फ्रूडला उत्तर सापडलं १९०७-०८ च्या सुमारास. अॅस्बेस्टॉस.

जळत नाही असा धागा

अॅस्बेस्टॉस हे खनिज आहे, पण कापसासारखे त्याचे तंतू निघतात. सूत कातता येतं, विणता येतं, आणि ते जळत नाही. स्वस्त आहे, मजबूत आहे. फ्रूडच्या जागी मी असतो तरी मला लॉटरी लागल्यासारखंच वाटलं असतं. सुताच्या जागी अॅस्बेस्टॉसचा धागा विणायचा, मजबुतीसाठी त्यात धातूची तार घालायची, आणि चिकटवायला उष्णता सोसणारं रेझिन. पाच अटींपैकी जवळजवळ सगळ्या पूर्ण.

धंदा वाढला. कारखाना कोम्ब्जहून शेजारच्या चॅपल-एन-ल-फ्रिथमध्ये आधीच आला होता. तो त्या गावाचा सगळ्यात मोठा रोजगार झाला. पिढ्यान्‌पिढ्या घरातली माणसं तिथे कामाला जायला लागली. १९२० मध्ये फेरोडो लिमिटेड झाली, आणि त्या दशकात विणलेल्या पट्ट्यांच्या जागी साच्यात दाबून बनवलेली अस्तरं यायला लागली. १९२६ मध्ये फेरोडो टर्नर अँड न्यूऑल या मोठ्या अॅस्बेस्टॉस कंपनीच्या समूहात गेली. १९३१ मध्ये हर्बर्ट फ्रूड वारला. बुटाऐवजी सुती पट्टा लावणाऱ्या माणसाचं मटेरियल तोवर जगभरच्या मोटारींत गेलं होतं, आणि त्याने किती अपघात टाळले त्याची मोजदाद शक्य नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख अर्धाच लिहिला असता.

दुसरी टाइमलाइन

आता याच वर्षांच्या शेजारी दुसरी वर्षं ठेवून बघा.

१८९८: फ्रूडने काम सुरू केल्याच्या दुसऱ्याच वर्षी ब्रिटनच्या महिला कारखाना निरीक्षकांनी अॅस्बेस्टॉसची धूळ घातक असल्याची नोंद सरकारी अहवालात केली.

१९०६: लंडनचे डॉक्टर माँटेग्यू मरे यांनी सरकारी समितीसमोर एका अॅस्बेस्टॉस कामगाराच्या फुप्फुसाच्या आजाराची माहिती दिली. तो कामगार काही वर्षांपूर्वीच गेला होता.

१९२४: नेली कर्शॉ ही रॉचडेलची कामगार बाई वारली, वय ३३. ती टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात अॅस्बेस्टॉसचं सूत कातायची. डॉक्टर विल्यम कूक यांनी तिच्या फुप्फुसांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि नंतर या आजाराला 'अॅस्बेस्टोसिस' हे नाव मिळालं.

१९३०: ब्रिटिश सरकारसाठी मेरेवेदर आणि प्राइस यांचा अहवाल आला. धुळीत जितकी जास्त वर्षं, तितका आजार जास्त, हे त्यात दिसलं.

१९३१: ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल पहिले नियम झाले. फ्रूड वारला ते हेच वर्ष.

अॅस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक होतात. श्वासातून फुप्फुसात गेले की बाहेर निघत नाहीत. आजार लगेच होत नाही, वीस ते चाळीस वर्षांनी होतो. कॅन्सरही होतो. म्हणूनच तो लपून राहिला. ज्या मटेरियलची परीक्षा चाकावर अर्ध्या दिवसात होते, त्याची माणसाच्या छातीवरची परीक्षा पूर्ण व्हायला अर्धं आयुष्य जातं. फ्रूडच्या यंत्रावर पाच गोष्टी मोजता येत होत्या. सहावी गोष्ट, म्हणजे झिजलेली पावडर कुणाच्या नाकात जाते, ती मोजणारं यंत्र तिथे नव्हतं.

मला यात फ्रूडला खलनायक करायचं नाहीये. पण त्याला नुसता हिरो करून सोडणंही बरोबर वाटत नाही. माहिती कारखाना निरीक्षकांच्या अहवालात होती. इंजिनिअर ती वाचत नव्हते, कारण ती त्यांच्या विषयाची नव्हती. आज आपण अॅप बनवतो तेव्हा आपणही लोडिंग टाइम मोजतो. त्या अॅपचा वापरणाऱ्याच्या झोपेवर काय परिणाम होतो ते मोजतो का?

आणि महाराष्ट्रात?

हा प्रकार फक्त इंग्लंडचा नाही. मुंबईत घाटकोपरला 'हिंदुस्तान फेरोडो' नावाने ब्रेकची अस्तरं बनवणारा कारखाना होता. पुढे कंपनीचं नाव हिंदुस्तान कंपोझिट्स झालं, आणि तिचे कारखाने पैठण व भंडारा इथे आहेत. म्हणजे कोम्ब्जच्या ओढ्यावर सुरू झालेलं नाव आपल्या राज्यातही पोहोचलं होतं.

२००५ मध्ये मुंबईच्या एका अॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या कामगारांपैकी पाचातल्या एकाहून थोड्या जास्त जणांना अॅस्बेस्टोसिस आढळला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवण्याचे आणि आजारी कामगारांना भरपाई देण्याचे आदेश दिले होते.

ब्रिटनने १९९९ मध्ये अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली, युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून पूर्ण बंदी आहे. टर्नर अँड न्यूऑल विकत घेणारी अमेरिकन कंपनी फेडरल-मोगल २००१ मध्ये भरपाईच्या दाव्यांच्या ओझ्याखाली दिवाळखोरीत गेली. भारतात पांढऱ्या अॅस्बेस्टॉसच्या आयातीवर आणि वापरावर अजून सरसकट बंदी नाही. फेरोडोने स्वतः १९८० च्या सुमारास अॅस्बेस्टॉस नसलेले पॅड आणायला सुरुवात केली. त्या जागी आता अॅरामिडचे तंतू येतात. केव्हलार हे त्यातलंच एक नाव, ते १९६५ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या केमिस्टने शोधलेल्या तंतूवरून आलं. शिवाय काच, खनिजं आणि धातूची पूडही वापरतात.

आता मुद्द्याचं: माउंटन बाइकला कोणते पॅड घ्यायचे?

फ्रूडच्या पाच अटी लक्षात आहेत ना? त्याच लावून बघू.

रेझिन किंवा ऑरगॅनिक पॅड: फ्रूडच्या सुती ठोकळ्याचे हे थेट वंशज. तंतू आणि रेझिन. दाबल्याबरोबर पकडतात, आवाज कमी, डिस्क कमी झिजवतात. पण लांब उतारावर फार तापले की पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो आणि पकड जाते. चिखलात लवकर झिजतात. शहर, गावातले रस्ते, कोरडे हलके ट्रेल, यासाठी उत्तम.

सिंटर्ड किंवा मेटल पॅड: धातूची पूड दाबून, भट्टीत तापवून बनवलेले. लँचेस्टरच्या तांब्याचे सुधारलेले नातू म्हणा. उष्णता सोसतात, पावसात आणि चिखलात टिकतात. पण थंड असताना पकड थोडी कमी, आवाज जास्त, आणि उष्णता कॅलिपरकडे जास्त जाते. घाट, पावसाळा, जास्त वजन, यासाठी हे घ्या.

सेमी-मेटॅलिक: दोन्हींच्या मधले. सगळीकडे थोडं थोडं फिरणाऱ्यांसाठी.

खरेदीआधी या गोष्टी बघाच:

- डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलंय का ते बघा. स्वस्त सायकलींच्या डिस्कवर बऱ्याचदा असतं. अशा डिस्कचं स्टील मऊ असतं, मेटल पॅड तिला खाऊन टाकतात. घाटासाठी मेटल पॅड हवे असतील तर डिस्कही बदलावी लागेल.
- पॅडचा आकार कॅलिपरच्या मॉडेलप्रमाणे असतो. जुन्या पॅडचा आणि कॅलिपरवरच्या नंबरचा फोटो काढून दुकानात न्या.
- पाकिटावर कंपनी, कम्पाउंड आणि 'अॅस्बेस्टॉस नाही' असा उल्लेख हवा. काहीच लिहिलं नसेल तर पॅड तिथेच ठेवा.
- घर्षणाचा थर किती उरलाय ते महिन्यातून एकदा बघा. शिमानो ०.५ मिमी उरला की बदलायला सांगते. मी त्याआधीच बदलतो.
- नवे पॅड बसवल्यावर लगेच घाटात जाऊ नका. सपाट रस्त्यावर वेग घ्या, चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत आणा, परत वेग घ्या. प्रत्येक ब्रेकसाठी वीसेक वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि मग खरी पकड मिळते.
- चेनचं तेल किंवा स्प्रे डिस्कवर उडू देऊ नका. तेल प्यायलेला पॅड सहसा पूर्वीसारखा होत नाही.

आणि घाट उतरताना माझ्यासारखं एकच ब्रेक सतत दाबून धरू नका. दोन्ही ब्रेक वापरा, वळणाआधी जोरात दाबून वेग कमी करा, मग सोडा. सोडलेल्या वेळात डिस्क वाऱ्याने थंड होते.

एक शेवटची गोष्ट

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी ते जळालेले पॅड सँडपेपरने घासले. काळी पावडर निघाली. मी तोंडाने फुंकर मारून ती उडवली. माझा सात वर्षांचा भाचा मोबाईलचा टॉर्च धरून अगदी जवळ बसला होता. मामाच्या सायकलला मदत करतोय म्हणून खूश होता.

त्या पाकिटावर काहीच लिहिलेलं नव्हतं. बहुतेक त्यात अॅस्बेस्टॉस नसेलच. पण 'बहुतेक' हा शब्द रात्री नेली कर्शॉबद्दल वाचताना मला फार बोचला. उतारावर माझा जीव गेला असता तर ती माझी चूक होती. त्या पावडरीच्या बाबतीत चूक माझी होती आणि श्वास भाच्याचा.

आता मी ब्रेकची धूळ कधीच फुंकत नाही, हवेच्या पंपानेही उडवत नाही. ओल्या फडक्याने पुसतो, फडकं पिशवीत बांधून टाकतो, हात धुतो, आणि पोरांना लांब बसवतो. पुण्याला परत आल्यावर डिस्क बदलली, नाव-गाव असलेले सिंटर्ड पॅड लावले. संक्रांतीला परत शेलबारी उतरलो. पॅडचा आवाज आला थोडा, पण वास नाही आला. खाली पोहोचल्यावर पाणी डिस्कवर न टाकता प्यायलो.

तुमच्या सायकलचे पॅड कशाचे आहेत, माहीत आहे का? नसेल तर आज संध्याकाळी टॉर्च घेऊन बघा. आणि फुंकर मारू नका.